धबधबा, दोन पोरं आणि एक टुन्न कवी: जपानी ठशांमधले चिनी कवी कसे ओळखावेत

जपानी चित्रकार होकुसाईचं एक उभं चित्र आहे, लाकडी ठशांनी छापलेलं. साधारण ५० सेंटीमीटर उंच आणि जेमतेम २३ सेंटीमीटर रुंद. वरपासून खालपर्यंत निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा धबधबा सरळ रेषेत कोसळतो. कड्याच्या टोकाला काठी टेकून एक माणूस उभा आहे, तोंड पाण्याकडे. त्याला दोन पोरांनी घट्ट धरून ठेवलंय. हे काय चाललंय ते पहिल्यांदा बघताना मला कळलं नव्हतं. मला वाटलं आजोबा नातवंडांना सहलीला घेऊन आलेत.

तो माणूस म्हणजे ली बाई, आठव्या शतकातला चिनी कवी. पोरं त्याला धरून आहेत, कारण साहेब बहुधा प्यायलेले आहेत आणि धबधबा बघण्याच्या नादात कड्यावरून खाली जायची शक्यता आहे.

(नावावरून गैरसमज नको. या लेखात ली बाई येतील, बाई जुयी येतील, पण एकही बाई नाही, सगळे बुवाच आहेत. चिनी भाषेत 'बाई' म्हणजे पांढरा.)

एदो काळातल्या (१६०३–१८६८) जपानी कलाकारांनी चिनी कवींची अशी पुष्कळ चित्रं केली. नव्या माणसाला ती बंद दारासारखी वाटतात. कवी चिनी, चित्रकार जपानी, अक्षरं वाचता येत नाहीत, आणि चित्राखालची इंग्रजी पाटी एका ओळीत आटपते. मी गेली काही वर्षं ही चित्रं बघतोय, त्यातून जमलेली पद्धत इथे क्रमाने देतो. चिनी किंवा जपानी येण्याची गरज नाही, मलाही येत नाही.

आधी हातात काय आहे ते बघा

आपल्याकडच्या कॅलेंडरवरचा संत आपण चेहऱ्यावरून ओळखतो का? नाही. वीणा आणि चिपळ्या दिसल्या की तुकोबा, कमरेवर हात दिसले की विठोबा. चेहरा बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. इथेही तसंच आहे. दाढी, लांब झगा, डोक्यावर काळी टोपी एवढ्यावरून 'चिनी विद्वान' इतकंच कळतं. कोण ते सांगतात हातातली वस्तू, शेजारचं झाड आणि वाहन.

सुरुवातीला एवढ्या खुणा पाठ केल्या तरी पुष्कळ काम भागतं. दारूचा रांजण किंवा धबधबा असेल तर ली बाई (७०१–७६२). शेवंतीची फुलं आणि कुंपण असेल तर ताओ युआनमिंग (३६५–४२७). हा सरकारी नोकरी सोडून शेतीवर गेलेला माणूस. पाच मापं तांदळासाठी वरिष्ठापुढे कमरेत वाकणार नाही, म्हणाला आणि घरी आला. नोकरदार वाचकांना हा विशेष आवडतो. त्याच्या मांडीवर कधीकधी बिनतारांचं वाद्य असतं, तेही त्याचंच. प्लमचा मोहोर आणि सारस पक्षी एकत्र दिसले तर लिन हेजिंग (९६७–१०२८). त्याने लग्न केलं नाही, प्लमला बायको आणि सारसांना मुलं मानलं, अशी त्याची ख्याती. बांबूची मोठी टोपी आणि पायात लाकडी खडावा असतील तर सू दोंगपो (१०३७–११०१). पावसात सापडल्यावर त्याने शेतकऱ्याकडून टोपी-खडावा उसन्या घेतल्या, त्याचं ते चित्र. एकाच्या हातात गुंडाळी आणि दुसऱ्याच्या हातात झाडू, दोघेही विस्कटलेल्या केसांचे आणि खदाखदा हसणारे, अशी जोडी दिसली तर हानशान आणि शिदे. यातला गुंडाळीवाला कवी.

गाढव दिसलं की मात्र थांबा. बर्फ, गाढव आणि प्लमची फांदी असेल तर सहसा मेंग हाओरान (६८९–७४०). पण ली बाईच्या काळातला दुसरा मोठा कवी दू फू, त्यालाही गाढवावर बसवतात, सू दोंगपोलाही जनावरावर बसवतात. खरी कविता गाढवाच्या पाठीवर, वाऱ्यात आणि बर्फात सुचते अशी जुनी चिनी समजूतच होती, त्यामुळे गाढवावर गर्दी आहे. धबधब्याचं चित्र ज्या मालिकेतलं आहे, त्याच होकुसाईच्या मालिकेत बर्फातून जाणारा एक घोडेस्वार आहे. अनेक ठिकाणी तो सू दोंगपो म्हणून नोंदवलेला दिसतो. अशा वेळी नोंद वाचावी, पण मनात 'बहुधा' हा शब्द ठेवावा.

एका कवीची तीन नावं वहीत लिहून ठेवा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण हिच्याशिवाय शोधाशोध होत नाही. जपानी लोक चिनी अक्षरं आपल्या उच्चाराने वाचतात. त्यामुळे ली बाई तिथे 'रिहाकू' होतो, बाई जुयी 'हाकू राकुतेन', सू दोंगपो 'तोबा' किंवा 'सो तोबा', ताओ युआनमिंग 'तो एन्मेई', दू फू 'तो हो', लिन हेजिंग 'रिन्नासेई', आणि हानशान-शिदे 'कानझान-जित्तोकू'. वर पाश्चात्त्य संग्रहालयांच्या जुन्या नोंदींत रोमन लिपीची जुनी पद्धत असते. तिच्यात ली बाई 'ली पो' असतो आणि बाई जुयी 'पो चू-ई'.

म्हणजे प्रत्येक कवी तीनदा शोधायचा. मी 'ली बाई' टाकून शोधलं आणि एका मोठ्या संग्रहालयात काहीच नाही असं ठरवून बसलो होतो. 'रिहाकू' टाकल्यावर माल निघाला.

मग कोपऱ्यातली अक्षरं

वाचता येत नसली तरी ती कसली आहेत हे ओळखता येतं. वरच्या बाजूला चौकटीत असतं ते मालिकेचं नाव, बहुतेकदा त्याच्याच जवळ विषयाचं, म्हणजे कवीचं नाव. दुसरीकडे, मोकळ्या जागेत चित्रकाराची सही. सहीच्या आसपास छोटे शिक्के: एक प्रकाशकाचा, एक परवानगीचा.

परवानगीचा शिक्का नव्या माणसाच्या फार उपयोगाचा. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, चित्र छापण्याआधी ते सरकारी नियमांनुसार तपासून घ्यावं लागे. १७९० पासून १८४२ पर्यंत त्यासाठी एक लहान गोल शिक्का असे, त्यात 'किवामे' हे एकच अक्षर. म्हणजे 'तपासलं'. गोल किवामे दिसला की काळ साधारण त्या पन्नास वर्षांतला. १८४२ नंतर तपासनिसांच्या नावांचे शिक्के येतात, आणि १८७५ च्या सुमारास ही पद्धत संपते. मग मेइजी काळातल्या (१८६८–१९१२) चित्रांच्या समासात तारीख छापलेली सापडते, 'मेइजी १८' अशी. त्यात १८६७ मिळवा: १८८५. झालं.

होकुसाईच्या ज्या मालिकेबद्दल मी बोलतोय तिचं नाव 'शीका शाशिनक्यो', म्हणजे चिनी आणि जपानी कवितेचा हुबेहूब आरसा. १८३३–३४ च्या सुमाराची, दहा चित्रांची, प्रकाशक मोरिया जिहेई. होकुसाई (१७६०–१८४९) तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता आणि 'आधीचा होकुसाई, आता इइत्सू' अशी सही करत होता. या गृहस्थाने आयुष्यभर नावं बदलली, त्यामुळे नुसत्या सहीवरूनही चित्राचा काळ ठरवता येतो.

आता ओळ शोधा

माझ्या मते खरी मजा इथे आहे. बहुतेक लोक कवीचं नाव कळलं की पुढच्या चित्राकडे जातात. पण ही चित्रं म्हणजे कवीचा फोटो नव्हे. चित्रकाराने कवीची एखादी ओळ, एखादी आख्यायिका उचललेली असते, आणि बघणाऱ्याला ती पाठ आहे असं धरून चाललेला असतो. तेव्हा जपानात चिनी कविता वाचणं हे शिकल्या-सवरलेल्या माणसाचं लक्षण होतं. चीनमधल्या तांग राजवटीच्या काळातल्या (६१८–९०७) कवितांचा 'तोशीसेन' हा संग्रह इतका चालायचा की त्याच्या सचित्र आवृत्त्या निघाल्या. त्यातल्या १८३३ आणि १८३६ च्या भागांची चित्रं होकुसाईचीच.

तर धबधब्याकडे परत येऊ. ली बाईची लू पर्वतावरच्या धबधब्याची चार ओळींची कविता चिनी मुलं आजही शाळेत पाठ करतात. तिचा शेवट साधारण असा: पाणी उडतं ते थेट खाली, तीन हजार फूट, वाटावं आकाशगंगाच नवव्या आकाशातून निसटली.

हे वाचून चित्र पुन्हा बघा. धबधब्याला वर सुरुवात नाही, खाली शेवट नाही. कागदाच्या वरच्या कडेतून येतो आणि खालच्या कडेतून जातो. तुषार नाहीत, खडकावर फुटणं नाही, नुसत्या उभ्या सरळ पट्ट्या. होकुसाईला पाणी काढता येत नव्हतं असं कोणी म्हणणार नाही. मोठ्या लाटेचं चित्र त्याने दोन-तीन वर्षांपूर्वीच केलं होतं. इथे त्याला पाणी काढायचंच नव्हतं, 'थेट खाली, तीन हजार फूट' काढायचं होतं. म्हणून कागदही असा चिंचोळा आणि उंच. आणि ती दोन पोरं मूळ कवितेत नाहीत. ती होकुसाईने पदरची घातली, कवीची दारूची कीर्ती लक्षात घेऊन. ली बाई पाण्यातला चंद्र धरायला वाकला आणि बुडाला अशी आख्यायिका आहे, त्यामुळे पोरांची काळजी रास्तच म्हणायची.

याच मालिकेतलं बाई जुयीचं (७७२–८४६) चित्र घ्या. त्यात कुठल्याही कवितेची ओळ शोधत बसलात तर फसाल, कारण इथे गोष्ट आहे जपानी नोह नाटकातली, म्हणजे मुखवटे घालून, गात-नाचत केल्या जाणाऱ्या जुन्या नाटकातली. नाटकात बाई जुयी जपानी लोकांची अक्कल जोखायला समुद्र ओलांडून येतो. किनाऱ्यावर त्याला एक म्हातारा मासेमार भेटतो. कवी समोरचं दृश्य बघून ऐटीत चिनी ओळी रचतो: शेवाळ खडकाच्या खांद्यावर शालीसारखं, ढग डोंगराच्या कमरेला पट्ट्यासारखा. मासेमार जागच्या जागी तेच जपानी छंदात म्हणून दाखवतो आणि वर सांगतो की आमच्याकडे पक्षी आणि बेडूकही कविता करतात. तो मासेमार म्हणजे सुमियोशी, जपान्यांचा कवितेचा देव. शेवटी देव वारा सोडतात आणि कवीचं गलबत उलट चीनला परततं.

खरा बाई जुयी जपानला कधी गेलाच नाही. ज्या कवीला जपानने शतकानुशतकं डोक्यावर घेतलं त्याच्याबद्दलच ही गोष्ट रचली गेली. गुरूवर मनापासून प्रेम आणि त्याला एकदा तरी चीत करायची हौस, दोन्ही एकाच वेळी. हे लक्षात आलं की चिनी कवींची जपानी चित्रं वेगळी दिसू लागतात. त्यांतला चीन हा जपान्यांनी घरी बसून वाचलेला चीन आहे.

चिनी कपडे म्हणजे चिनी माणूस नव्हे

माझी एक फजिती सांगतो. या मालिकेतलं एक चित्र मी कितीतरी दिवस मोबाइलच्या पडद्यावर ठेवलं होतं: उंच सज्जात चिनी पोशाखातला एक माणूस, समोर समुद्र, चंद्र. कोणी विचारलं की 'चिनी कवी आहे' म्हणून मोकळा व्हायचो. तो निघाला आबे नो नाकामारो, अस्सल जपानी. ७१७ साली शिकायला चीनला गेला, तिथेच सरकारी नोकरीत चढला. ७५३ मध्ये परत निघाला तर जहाज भरकटून आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्याला लागलं. पुन्हा राजधानी चांगआनला आला आणि ७७० मध्ये परदेशातच वारला. मायदेशातल्या मिकासा टेकडीवर उगवणारा तोच हा चंद्र, अशी त्याची कविता जपानात सगळ्यांना ठाऊक आहे. तो बुडाला अशी बातमी आली तेव्हा त्याच्यावर शोककविता लिहिली ती ली बाईने. म्हणजे धबधब्यावरचा आणि सज्जातला हे दोघे एकमेकांना ओळखत होते.

उलटाही प्रकार आहे: कवी चिनी, पण चित्रात त्याचा पत्ताच नाही. याला जपानीत 'मिताते' म्हणतात. फॅशनेबल किमोनोतली तरुणी प्लमच्या झाडाखाली उभी आहे आणि बाजूला सारस आहे, तर ती लिन हेजिंगच्या जागी उभी आहे. सात सुंदर स्त्रिया बांबूच्या झाडीजवळ गप्पा मारताहेत, तर त्या 'बांबूच्या बनातले सात विद्वान', म्हणजे जुन्या चीनमधल्या सात विद्वान मित्रांच्या प्रसिद्ध टोळीच्या जागी. १७६५ च्या सुमारास पूर्ण रंगीत छपाई सुरू झाली, तेव्हाचा सुझुकी हारुनोबू हा या खेळातला उस्ताद. म्हणून सुंदर स्त्रीचं चित्र बघतानाही एकदा मागच्या झाडाकडे नजर टाकावी.

हे कोणी केलं, याचं उत्तर एक नाव नसतं

'होकुसाईने स्वतः छापलेलं' असं कोणी विकत असेल तर नमस्कार करून निघा. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करायचा. ते कोरणाऱ्याने चेरीच्या फळीवर उलटं चिकटवायचं आणि कागदासकट कोरायचं, म्हणजे मूळ रेखाटन तिथेच संपलं. प्रत्येक रंगासाठी सहसा वेगळा ठसा. छापणाऱ्याने ओलसर हातकागद ठशावर ठेवायचा आणि मागून 'बारेन' नावाच्या चपट्या, गोल गादीने घासायचं. रंग एकमेकांवर नीट बसावेत म्हणून प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात कागद टेकवायच्या खाचा असत. पैसे आणि धोका प्रकाशकाचा.

आकाश वरून गडद आणि खाली फिकट होत जातं ती छटा छापणारा ठशावरचा रंग हाताने पुसून आणायचा, म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. दोन संग्रहालयांमधल्या ली बाईच्या प्रती शेजारी-शेजारी उघडून बघा, निळा वेगवेगळा दिसेल. १८३० च्या आसपास जपानात स्वस्त झालेला हा निळा युरोपातून आलेला, 'बेरो', म्हणजे बर्लिनचा.

बघायचं कुठे, आणि घ्यायचं असेल तर

बघण्यासाठी खर्च नाही. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट, बोस्टनचं ललितकला संग्रहालय आणि ब्रिटिश म्युझियम यांचे संग्रह ऑनलाइन आहेत. पहिल्या दोघांकडून बरीच चित्रं मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. पूर्ण झूम करून झग्याच्या काठाची रेषा बघा. कोरणाऱ्याचा हात तिथे दिसतो.

विकत घ्यायचं तर पहिलं काम भिंगाचं. घड्याळजी वापरतात तसं दहापट भिंग पुरतं. रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ती यंत्रावरची छपाई, कितीही जुनाट कागद असो. ठशाच्या छपाईत रंग सलग असतो, आणि मागून बघितलं तर कागदात मुरलेला रंग आणि बारेनच्या घासण्याच्या खुणा दिसतात. मग मापं घ्या. मूळ उभं चित्र ५० सेंटीमीटरच्या आसपास असताना समोरचं पुस्तकाएवढं असेल तर ते नंतरचं. नव्याने ठसे कोरून आजही जपानात हाताने प्रती काढतात. त्या नकली नव्हेत, फक्त विकणाऱ्याने तसं सांगायला हवं. नवशिक्याने अशीच प्रत घ्यावी असं माझं मत. मूळ रंग कसे ताजे असतील याचा अंदाज तिच्यावरून जास्त येतो.

मी घेतलेली प्रत अशीच होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत वाया गेली. फ्रेमवाल्याने डिंक लावून ती पुठ्ठ्यावर चिकटवली आणि काच थेट कागदाला टेकवली. एक पावसाळा गेला आणि धबधब्यावर तपकिरी ठिपके उमटले. कोकण-मुंबईच्या हवेत राहणाऱ्यांनी हे लिहूनच घ्या: चित्र चिकटवायचं नाही, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर लोंबतं ठेवायचं, पुठ्ठा आम्लविरहित, काच आणि कागद यांच्यात माउंटची फट, बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर टांगायचं नाही. उन्हात तर नाहीच. संग्रहालयं कागदावरची चित्रं ५० लक्स एवढ्या मंद उजेडात आणि थोडेच दिवस मांडतात, आपण निदान ट्यूबलाइटखाली लावू नये.

पहिल्या संध्याकाळसाठी एक जोडी

होकुसाईनंतर लगेच मेइजी काळातल्या योशितोशी या चित्रकाराकडे जा. त्याच्या 'चंद्राची शंभर रूपं' या मालिकेत (१८८५–१८९२) दोन चित्रं शोधा. एकात चिनी सेनापती त्साओ त्साओ नावेच्या नाळेवर उभा आहे, इसवी सन २०८, लाल कड्याची लढाई तोंडावर आलेली. आकाशात कावळे आहेत. हा सेनापती स्वतः कवी होता आणि 'चंद्र उजळ, तारे विरळ, कावळे दक्षिणेकडे' ही ओळ त्याचीच. दुसऱ्यात तोच लाल कडा, पण ८७० हून जास्त वर्षांनंतरचा: खाली एक लहानशी नाव आणि तिच्यात सू दोंगपो. १०८२ साली त्या नावेतल्या रात्रीवर त्याने जे लिहिलं त्यात त्साओ त्साओची हीच ओळ येते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, त्या काळचा एवढा मोठा वीर, आता कुठे आहे?

दोन्ही चित्रं एकाच पडद्यावर उघडा. चंद्र दोन्हीकडे आहे. कावळे फक्त पहिल्यात आहेत.